तीन घरांचा राजा

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये राजेमहाराजांचं काय काम, असा प्रश्न तुम्हाला नक्की पडेल. पण मी सिव्हिलची विद्यार्थिनी आहे, आणि मला कुठल्याही माणसाची ओळख करून घ्यायची झाली तर आधी त्याचं घर बघावंसं वाटतं. भिंत किती जाड, उजेड कुठून येतो, पाहुणे कुठल्या दाराने येतात आणि कामवाली माणसं कुठल्या दाराने, हे बघितलं की घरात राहणाऱ्याबद्दल बरंच कळतं. म्हणून आज मी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचं आयुष्य त्यांच्या तीन घरांतून सांगणार आहे. पहिलं घर आपल्या खानदेशातलं, दुसरं बडोद्याचं आणि तिसरं चक्क इंग्लंडमधलं!

हो, खानदेशातलंच. सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ चा, मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावचा. आज हे गाव नाशिक जिल्ह्यात आहे. पण नाशिक हा वेगळा जिल्हा झाला १८६९ साली. त्याआधी मालेगाव तालुका खानदेश जिल्ह्यातच होता. म्हणजे जन्माच्या हिशोबाने महाराज आपल्या जिल्ह्याचेच! त्यांचं जन्मनाव गोपाळ. वडील काशीराव गायकवाड हे बडोद्याच्या राजघराण्याच्या दूरच्या शाखेतले, पण शेती करून पोट भरणारे. राजवाड्याशी संबंध फक्त आडनावापुरता.

त्या काळच्या आपल्या भागातल्या घरांची कल्पना जामनेरच्या जुन्या गल्ल्यांमध्ये अजूनही येते. धाब्याची घरं! मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यावर आडव्या कड्या आणि वर मातीचा सपाट थर. माझ्या आजोबांचं घर असंच आहे. पावसाळ्याच्या आधी धाब्यावर खारी माती टाकायची, म्हणजे पाणी झिरपत नाही, हे वॉटरप्रूफिंगचं तंत्र आजोबांना कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. सगळा भार खांबांवर, त्यामुळे एखादी भिंत पडली तरी छप्पर उभं राहतं. आम्ही ज्याला फ्रेम स्ट्रक्चर म्हणतो, ते खानदेशातल्या शेतकऱ्याला कित्येक पिढ्या माहीत होतं. अशा मुलखात गोपाळ बारा वर्षांचा होईपर्यंत गुरांमागे आणि शेतात वाढला. लिहिता-वाचता येत नव्हतं.

मग १८७५ साल उजाडलं. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष देण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप आला. चौकशी झाली, चौकशी करणाऱ्यांमध्ये एकमत झालं नाही, तरीही इंग्रज सरकारने त्यांना गादीवरून दूर केलं. गादी रिकामी. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि गायकवाड घराण्यातल्या मुलांचा शोध सुरू झाला. कवळाण्याहून तीन भाऊ बडोद्याला नेण्यात आले. निवड झाली ती मधल्या गोपाळची. मे १८७५ मध्ये तो सयाजीराव झाला आणि गादीवर बसला.

जरा विचार करा. आपण बारा वर्षांचे असताना शाळा बदलली तरी आठ दिवस रडतो. इथे मुलाचं गाव बदललं, आई बदलली, भाषा बदलली, एवढंच काय, नावसुद्धा बदललं! त्याला विचारलं होतं कोणी? एफ. ए. एच. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले. अक्षरओळखीपासून सुरुवात होती, पण काही वर्षांत मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू अशा भाषा, इतिहास, हिशेब, कारभार, सगळं शिकून घ्यायचं होतं. राज्य चालवत होते दिवाण सर टी. माधवराव. सही मुलाची नाही, कारभार मुलाचा नाही. १८८० साली लग्न झालं ते तंजावरकडच्या लक्ष्मीबाईंशी. आणि त्याच वर्षी, जानेवारी १८८० मध्ये, या सोळा वर्षांच्या महाराजांसाठी एका नव्या घराचा पाया घातला गेला. तेच दुसरं घर, लक्ष्मी विलास पॅलेस.

आता माझा आवडता भाग!

लक्ष्मी विलासचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हे मिलिटरी इंजिनिअर. आपल्या महाराष्ट्राशी त्यांचं जवळचं नातं, कारण कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा त्यांच्याच हातचे. अजमेरचं मेयो कॉलेजही त्यांचंच. मँट यांच्यापुढचा प्रश्न अवघड होता. इंग्लंडमधल्या उमरावांची खेड्यातली मोठमोठी घरं, ज्यांना तिकडे कंट्री हाऊस म्हणतात, ती एका ठराविक पद्धतीने बांधलेली असतात. शेकडो एकरांचं आवार, वळणं घेत जाणारा रस्ता, मग अचानक समोर येणारी लांबलचक दर्शनी बाजू. आत पाहुण्यांचे भव्य दिवाणखाने, जेवणाचा हॉल, लायब्ररी, बिलियर्ड रूम. कुटुंबाच्या खोल्या वेगळ्या अंगाला. नोकरांचे जिने मागच्या बाजूला, म्हणजे घर चालवणारी माणसं दिसायलाच नकोत. हा प्लॅन बडोद्यात जसाच्या तसा आणला तर चालेल का? इथे दरबार भरतो, देवघर लागतं, राणीवसा वेगळा लागतो, आणि मे महिन्यात ऊन काय असतं ते आपल्याला सांगायला नको.

मँट यांनी सुवर्णमध्य काढला. मोकळं आवार आणि लांब दर्शनी बाजू ही कल्पना इंग्रजी घराची, पण आतली विभागणी इथल्या रीतीप्रमाणे. एक भाग दरबाराचा, एक महाराजांचा, एक राणीवशाचा. मध्ये चौक, म्हणजे हवा खेळती राहते. बाहेरून छत्र्या, घुमट, जाळ्या, कमानी, झरोके. काही राजपूत, काही गुजराती, काही मुसलमानी, तर काही थेट व्हेनिसची आठवण करून देणारं. या शैलीला इंडो-सारासेनिक म्हणतात. दर्शनी बाजू साधारण ५०० फूट लांब आहे. आग्र्याकडचा वालुकाश्म, पुण्याकडचा निळसर ट्रॅप दगड, राजस्थानचा आणि इटलीचा संगमरवर इथे वापरला गेला. आरसीसी आपल्याकडे यायच्या आधीचा हा काळ, त्यामुळे सगळा खेळ दगड, विटा आणि कमानींचा.

गंमत म्हणजे याच्या उलटा प्रयोग इंग्लंडमध्ये आधीच झाला होता. ग्लॉस्टरशायरमध्ये सेझिनकोट नावाचं कंट्री हाऊस आहे. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावून परतलेल्या चार्ल्स कॉकरेल यांच्यासाठी त्यांचे भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल यांनी ते १८०५ च्या सुमारास उभारायला घेतलं. घर आतून पक्कं इंग्रजी, आणि डोक्यावर तांब्याचा मोगली घुमट! तिथे इंग्रजी घराने आपला पोशाख घातला होता, आणि पाऊणशे वर्षांनी बडोद्यात आपल्या राजवाड्याने इंग्रजी घराची चाल उचलली. फरक एवढाच, की कॉकरेलना ती हौस होती. सोळा वर्षांच्या सयाजीरावांना निवड नव्हती.

मँट यांनी हा राजवाडा पूर्ण झालेला पाहिला नाही. १८८१ साली त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. शेवटी शेवटी त्यांना वाटू लागलं म्हणे, की आपली गणितं चुकली आहेत आणि आपण बांधलेल्या इमारती कोसळणार आहेत. या भीतीने त्यांचं मन ढासळलं. ही गोष्ट किती खरी आणि किती रंगवलेली ते बाजूला ठेवू. पण परीक्षेच्या आदल्या रात्री बीमचं डिझाइन तीनदा तपासणाऱ्या प्रत्येकाला ती आतून समजते. आम्ही आकडे स्टॅड प्रोमध्ये टाकतो, लाल खूण दिसली की सेक्शन वाढवतो. मँट यांच्याकडे कागद, पेन्सिल आणि स्वतःचा अनुभव होता. घुमट आपल्या वजनाने भिंतींना बाहेर ढकलतो. ते ढकलणं किती, भिंत ते पेलेल का, हे त्यांनी डोक्यात वागवलं. आणि निकाल? लक्ष्मी विलास उभा आहे. कोल्हापूरचा राजवाडा उभा आहे. मेयो कॉलेज उभं आहे. गणित बरोबर होतं! बडोद्याचाच नजरबाग पॅलेस मात्र २०१४ साली पाडला गेला. म्हणजे इमारतीचं आयुष्य फक्त इंजिनिअरच्या गणितावर ठरत नाही.

उरलेलं काम मद्रासहून आलेल्या रॉबर्ट फेलोज चिझोम यांनी पुरं केलं. बडोदा कॉलेजचा तो प्रचंड घुमटसुद्धा त्यांचाच. १८९० मध्ये राजवाडा तयार झाला. खर्च सुमारे १ लाख ८० हजार पौंड. दरबार हॉलच्या जमिनीवर व्हेनिसच्या पद्धतीचं मोझॅक, खिडक्यांना बेल्जियमची रंगीत काच, फेलिची या इटालियन शिल्पकाराची शिल्पं. बाग आखली क्यू गार्डन्समध्ये तयार झालेल्या विल्यम गोल्डरिंग यांनी. आणि या इंग्रजी थाटाच्या आवारातच नवलखी वाव ही १४०५ सालची पायऱ्यांची विहीर आहे. राजवाड्यापेक्षा पावणेपाचशे वर्षांनी मोठी!

पण १८८० आणि १८९० या दोन सालांच्या मध्ये एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांच्या हाती राज्याचे पूर्ण अधिकार आले. घर दुसऱ्यांनी ठरवलेलं असलं तरी ते भरायचं कशाने, हे आता त्यांच्या हातात होतं. त्यांनी राजा रविवर्मा यांना रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवायचं काम दिलं. इंग्रजी कंट्री हाऊसमध्ये ज्या भिंतीवर पूर्वजांची चित्रं टांगतात, तिथे बडोद्यात नल-दमयंती आणि शंतनू आले. मला वाटतं, त्या परक्या वाटणाऱ्या घरात आपलं माणूस आणून बसवण्याची ही त्यांची पद्धत असावी.

आता एक टोचणारा प्रश्न. एवढा पैसा एका कुटुंबाच्या घरावर? तोही शेतकऱ्याच्या मुलाने? हा प्रश्न मी टाळणार नाही. राजवाडा पूर्ण झाल्यावर दहा वर्षांच्या आत, १८९९-१९०० मध्ये, छप्पन्नचा भीषण दुष्काळ पडला. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे राज्यात सुमारे २४ लाख माणसं होती, १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. दुष्काळ आणि रोगराईने गावंच्या गावं ओस पडली. अशा राज्यात व्हेनिसचं मोझॅक! लक्ष्मी विलासची स्तुती करताना हे आकडे शेजारी ठेवलेच पाहिजेत.

पण त्याच वहीत दुसऱ्या बाजूलाही नोंदी आहेत. १८९० मध्येच, म्हणजे राजवाडा पूर्ण झाला त्याच वर्षी, बडोद्यात कलाभवन सुरू झालं. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने निघालेली ही संस्था रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, बांधकाम असे विषय देशी भाषेतून शिकवत होती. आज तेच बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. म्हणजे आपल्यासारख्या मुलांसाठी काढलेलं घर! १८९२ मध्ये आजव्याच्या तलावाचं पाणी नळाने शहरात आलं, उताराच्या जोरावर, पंपाशिवाय. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू झालं, आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू झालं. मुलींनाही! पोरांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड. बारा वर्षांचा होईपर्यंत ज्याला अक्षर माहीत नव्हतं, त्याने हा कायदा करावा यात नवल नाही. शाळेबाहेर राहिल्याने काय होतं ते त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

पुढे १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला बोलावून त्यांनी राज्यभर ग्रंथालयांचं जाळं उभारलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीत पोलादी रॅक आणि काचेच्या फरशा आहेत, म्हणजे वरच्या मजल्याचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचतो. मला विचाराल तर दरबार हॉलच्या मोझॅकपेक्षा ही काचेची फरशी जास्त सुंदर आहे. आणि १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला त्यांनी कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

इंग्रजांशी त्यांचं फारसं जमलं नाही. तब्येतीसाठी आणि जग बघण्यासाठी ते १८८७ पासून वारंवार परदेशी जात. १९०० साली लॉर्ड कर्झनने संस्थानिकांच्या परदेश प्रवासावर बंधनं घातली, त्याचा रोख कोणाकडे होता हे सगळे ओळखून होते. १९११ च्या दिल्ली दरबारात तर कहरच झाला. राजा पाचवा जॉर्ज सिंहासनावर, एकेक संस्थानिक वाकून नमस्कार करत उलट्या पावली मागे जातो आहे. सयाजीराव एकदाच थोडे झुकले आणि पाठ फिरवून चालू लागले. लंडनच्या वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं. महाराजांना खुलासा द्यावा लागला.

आणि आता तिसरं घर. पहिल्या महायुद्धानंतर सयाजीरावांनी इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यातल्या ब्लॅक डाउन टेकडीवरचं अल्डवर्थ नावाचं कंट्री हाऊस विकत घेतलं. हे घर कोणाचं होतं माहीत आहे? कवी टेनिसन यांचं! मी कॉन्व्हेंटमध्ये होते. टेनिसनच्या कविता आम्ही शाळेत पाठ केल्या, त्यांच्यावर मार्क मिळवले. पण त्यांच्या घरात पुढे कवळाण्याचा माणूस राहिला, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.

अल्डवर्थचा पाया २३ एप्रिल १८६८ ला, शेक्सपिअरच्या जन्मदिनी, घातला गेला. आर्किटेक्ट होते जेम्स नोल्स. टेनिसनना खरं तर छोटंसं कॉटेज हवं होतं, पण नोल्सच्या हातात कागद आला आणि घर वाढत गेलं (आर्किटेक्ट लोकांची सवय जुनीच आहे!). फ्रेंच वळणाचं दगडी बांधकाम, उंच उतरतं छप्पर, त्यातून डोकावणाऱ्या टोकदार खिडक्या, आणि दक्षिणेकडे कठडा असलेली लांब गच्ची, जिथून खालची सगळी दरी दिसते. टेनिसनना सगळ्यात आवडलं काय, तर गरम पाण्याचं न्हाणीघर! दिवसातून दोन-तीनदा ते आंघोळ करत, असं सांगतात. १८९२ मध्ये याच घरात त्यांचा मृत्यू झाला. बडोद्यात आजव्याचं पाणी नळाला आलं ते हेच वर्ष.

लक्ष्मी विलासच्या तुलनेत अल्डवर्थ म्हणजे अगदी लहान. तिथे दरबार नाही, हत्ती नाहीत. पण माझ्या मते या तीन घरांमध्ये त्याचं महत्त्व मोठं आहे. पहिलं घर जन्माने मिळालं, दुसरं गादीबरोबर मिळालं, तिसरं मात्र त्यांनी स्वतः निवडलं. आणि निवडलं ते एका लेखकाचं घर. ज्या देशाच्या वर्तमानपत्रांनी त्यांना पाठ फिरवली म्हणून झोडपलं होतं, त्याच देशात, त्यांच्या राजकवीच्या गच्चीवर, महाराज मालक म्हणून उभे राहिले.

१९३२ मध्ये कोल्हापूरला मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष सयाजीराव होते. ज्या शहरात मँट यांचा नवा राजवाडा उभा आहे, त्याच शहरात मँटच्या दुसऱ्या राजवाड्याचे धनी मराठी लेखकांसमोर अध्यक्ष म्हणून बसले. तेही बाराव्या वर्षी मुळाक्षरं गिरवायला बसलेले! ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. जवळजवळ ६४ वर्षं ते गादीवर होते.

मित्रांनो, स्ट्रक्चरच्या तासाला आम्हाला दोन प्रकारचे भार शिकवतात. डेड लोड म्हणजे इमारतीचं स्वतःचं वजन, आणि लाइव्ह लोड म्हणजे तिच्यात वावरणाऱ्या माणसांचं. लक्ष्मी विलासचा डेड लोड प्रचंड आहे, त्याचं गणित मँट यांनी केलं आणि ते बरोबर आलं. लाइव्ह लोडचं गणित मात्र राहणाऱ्यालाच करावं लागतं. सयाजीरावांनी ते पूर्ण बरोबर सोडवलं असं मी म्हणणार नाही, दुष्काळाचे आकडे आड येतात. पण त्यांनी उत्तर कोरं सोडलं नाही. कलाभवन, काचेची फरशी, आजव्याचं पाणी, अमरेलीची शाळा ही त्या उत्तराची पानं आहेत.

उद्या आपल्यापैकी कोणी पुण्याला टॉवर बांधेल, कोणी दुबईला. क्लायंट म्हणेल ते प्लॅनवर येईल, हे तर ठरलेलंच. पण नकाशावर सही करायच्या आधी एकदा विचारून बघा, या घरात कोण राहणार, मागच्या जिन्याने कोण चढणार, आणि पाणी कोणाच्या नळाला येणार. कवळाण्याहून बडोद्याला गेलेल्या मुलाचं आयुष्य वाचून मी तरी हे प्रश्न माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. सिलॅबसमध्ये ते नाहीत.